भोंगा छापवाले मामा

जगातली कुठली वस्तू अस्सल आणि कुठली नक्कल, हे नुसत्या नजरेने सांगू शकणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. ‘नेमका’ अशासाठी म्हणतो, की माझा धंदा छापखान्याचा. लालबागच्या एका गल्लीत दोन ट्रेडल मशीनं, एक कागद कापायचं यंत्र आणि शाईने काळी झालेली बोटं एवढ्या भांडवलावर मी लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि लेबलं छापत असे. त्यातलं लेबलांचं काम म्हणजे बहुतेक वेळा गिऱ्हाइकाने दुसऱ्याच कुणाचं तरी लेबल टेबलावर ठेवून ‘अगदी अस्संच, पण आमच्या नावाने’ म्हणून सांगितलेलं काम. अशा धंद्यातल्या माणसाला असा मामेसासरा मिळावा, हा नशिबाचा खेळ म्हणायचा, दुसरं काय.

आमची पहिली भेट माझ्या साखरपुड्यात झाली. पेढ्यांचे खोके फिरत होते. बाकीच्या मंडळींनी खोका उघडून पेढा उचलला. मामांनी पेढा बाजूला काढून खोका उचलला. झाकण उजेडात धरलं, चित्रावरून बोट फिरवलं आणि मला जवळ बोलावून हळू आवाजात विचारलं, “जावईबापू, हा मोर तुमच्याकडे छापलाय का?” मी मोठ्या अभिमानाने हो म्हणालो. तेव्हा मामांनी सांगितलं, की गिरगावातल्या एका मिठाईवाल्याचा मोर उजवीकडे बघतो, याची मान डावीकडे आहे, पण पिसं तीच आणि पिसांवरचे डोळेही तेच. तर मान त्यांना विचारून वळवली की न विचारता? मी म्हणालो, मोर आहे, कुठेही बघेल. मामांनी माझ्या होणाऱ्या बायकोकडे अशा काही काळजीने पाहिलं, की साखरपुडा मोडतो की काय असं मला क्षणभर वाटलं.

ही नजर गिरणीत तयार झालेली होती. गिरणी म्हटली की लोकांना साचे, म्हणजे कापड विणायचे माग, आणि कापसाची तुसं आठवतात. मामा आयुष्यभर गिरणीत राहून कधी साच्याजवळ गेले नाहीत. ते लेबल खात्यात होते. कापडाच्या प्रत्येक ताग्यावर गिरणीचं एक रंगीत चित्र चिकटवलेलं असे, आणि ज्याला अक्षर वाचता येत नाही असा दूरगावचा माणूससुद्धा ते चित्र सांगून कापड मागत असे. दोन हरणांचं द्या, झोपाळ्यावरच्या बाईचं द्या. त्यामुळे गिरणीचा खरा मालक कोण, तर ती हरणं, असं मामांचं प्रामाणिक मत होतं. त्या हरणांच्या आसपास दुसरं कुणी फिरकतंय का, यावर डोळा ठेवणं हे त्यांचं काम. एकदा परगावच्या एका कारखान्याने तीन हरणं छापली. मॅनेजर म्हणाला, आपली दोन, त्यांची तीन, सोडून द्या. मामांनी त्याला समजावलं, की दुकानात उभं राहून हरणं कुणी मोजत नाही. मग त्यांनी त्या कारखान्याला इतकी सभ्य आणि इतकी कंटाळवाणी पत्रं लिहिली, की सहा महिन्यांत तिन्ही हरणं मुकाट्याने मागे गेली. कोर्टाचं तोंड कुणालाच बघावं लागलं नाही. कोर्टात न जाता मिटलेल्या भांडणाचा मामांना जो आनंद होई, तो दुसऱ्या कुणाला भांडण जिंकूनही होत नसेल.

नक्कल ओळखायची मामांची एक पद्धत होती आणि त्या पद्धतीचा सगळा भार मामींवर होता. मामांचं म्हणणं असं, की गिऱ्हाईक घाईत असतं, चष्मा घरी विसरलेलं असतं आणि मागच्या वेळचं लेबल त्याला अर्धवटच आठवत असतं. तेव्हा नायगावच्या त्यांच्या खोलीत मामींना चष्मा काढायला लावून एक लेबल दाखवायचं, मग स्टोव्हवरचं दूध बघून यायला सांगायचं आणि परत आल्यावर आठ पावलांवरून दुसरं लेबल दाखवायचं. मामी ‘मघाचंच ना हे?’ म्हणाल्या की नक्कल सिद्ध झाली. खोली आठ पावलांची नव्हती, म्हणून शेवटची दोन पावलं मामी गॅलरीत जाऊन उभ्या राहत आणि शेजारीपाजारी ‘आज कुठल्या कंपनीचं आहे?’ म्हणून विचारत. एका दिवाळीच्या तोंडावर, करंज्या तळणीत असताना त्यांना असं तीनदा उभं केलं, तेव्हा मामींनी चिडून समोर येईल त्या लेबलाला ‘तेच, तेच’ म्हणायला सुरुवात केली. मामांनी शांतपणे वहीत लिहिलं, ‘साक्षीदार आज वापरण्यासारखा नाही.’

ही वही म्हणजे मामांचा दुसरा संसार. आपल्या माणसांपैकी कुणी काही नवीन केलं, की ते वहीत चिकटवायचं किंवा लिहायचं, खाली तारीख घालायची आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या. पहिली सही मामींची आणि दुसरी, लग्नानंतर, माझी. साक्षीदार बदलले की संशय येतो, म्हणून ही जोडी त्यांनी कधी बदलली नाही. शेजारच्या मुलीने दारात काढलेल्या रांगोळीचा नमुना, भाचीने शोधून काढलेली स्वेटरची वीण, एका भजनी मंडळाने आपल्या नावासाठी केलेली अक्षरं, सगळ्याखाली माझी सही आहे. पुढे कुणी म्हणालं की ही वीण माझी, तर तारीख दाखवता आली पाहिजे. स्वेटरच्या विणीवरून तंटा झाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही, पण मामांसमोर तसं म्हणायची सोय नव्हती.

माझ्या मुलाचं बारसं मामांच्या या सवयीपायी लांबलं. आम्ही निवडलेलं नाव मामांनी ऐकून घेतलं आणि चौकशीला निघाले. आमच्या चाळीचे तिन्ही मजले, समोरची चाळ, कोपऱ्यावरची बालवाडी, सगळं हिंडून त्यांनी अहवाल दिला: दुसऱ्या मजल्यावर याच नावाचा एक मुलगा आहे, वय चार, आणि त्याची आई त्याला दिवसातून पंधरा-वीस वेळा गॅलरीतून हाक मारते. दोन्ही मुलं एकाच नळावर पाणी पिणार, एकाच गल्लीत खेळणार. हाक एकाला आणि मार दुसऱ्याला, असं होणार. आम्ही दुसरं नाव निवडलं, तिसरं निवडलं. शेवटी ज्या नावाला मामांची हरकत नव्हती ते ठेवलं. आज तो पोरगा चाळिशीकडे झुकलाय आणि त्याच्या नावाचा दुसरा माणूस अजून मला भेटलेला नाही.

सांत्वनाला गेले तरी मामांचा डोळा उदबत्तीच्या पुड्यावर असे. मला त्यांच्याबरोबर कुठे जायची लाज वाटायची हे खरं आहे, आणि आज ती लाज वाटली होती याची लाज वाटते हेही खरं आहे. कारण त्यांच्याच नादाने, खरं म्हणजे त्यांच्याच छळामुळे, मी छापखान्यात एक नमुन्यांची वही ठेवायला लागलो. छापलेल्या प्रत्येक कामाचा एक नमुना चिकटवायचा, तारीख घालायची, काम आणणाऱ्याची सही घ्यायची आणि ‘चित्र कुणाचं’ या रकान्यात नाव लिहायचं. हा शेवटचा रकाना मामांनी स्वतः पट्टीने आखून दिला होता. एकही रकाना कोरा ठेवू नका, कोऱ्या रकान्यात उद्या दुसराच माणूस येऊन बसतो, असं त्यांनी मला बजावलं होतं. माझ्यासारख्या आळशी माणसाने ते ऐकलं, तरी दहात चार रकाने कोरेच राहत.

मग गिरण्यांचा संप आला. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं महिनाभराचं आहे. मग पावसाळा गेला, गणपती गेले, आणि माणसं एकेक करून गावाला जाऊ लागली. मामांचं लेबल खातं तर गिरणीने पुढे कायमचंच बंद केलं. गिरणगावात ज्यांच्या हाताला काम राहिलं नाही त्यांनी घरात जे येत होतं ते विकायला काढलं. कुणी लोणचं, कुणी चिवडा, कुणी शिवणकाम. आणि ज्या वस्तूला गिऱ्हाईक लागलं, तिची वर्षभरात नक्कल निघू लागली. अशी भांबावलेली माणसं मामांकडे यायला लागली. मामा वकील नव्हते, एजंट नव्हते, कुणाकडून काही घेत नव्हते. पण कुणाला वकिलाची नोटीस आली, की त्या माणसाचे पाय आपोआप नायगावच्या दिशेने वळत.

नोटिशीच्या बाबतीत मामांचे नियम ठरलेले होते. नोटीस आली की त्या दिवशी उत्तर द्यायचं नाही. आधी जेवून घ्यायचं. मग ती तीनदा वाचायची. पहिल्यांदा वाचताना राग येतो, दुसऱ्यांदा भीती वाटते आणि तिसऱ्यांदा समोरच्याला नेमकं काय हवंय ते कळतं. मग घरातला कागदाचा कपटासुद्धा टाकायचा नाही. पहिलं बिल, पहिलं पाकीट, पहिल्या गिऱ्हाइकाचं पोस्टकार्ड, सगळं तारखेने लावायचं. आपलीच चूक निघाली तर लगेच मान्य करून आपलं नाव बदलून मोकळं व्हायचं, त्यात कमीपणा नाही. आणि समोरच्याची चूक निघाली तर त्याला मागे फिरायला वाट ठेवायची, कारण ज्याला वाट नाही तो कोर्टात जातो आणि मग दोघांचाही धंदा वकील चालवतात. चिवडेवाल्या एका गृहस्थांना तर मामांनी स्वतःचंच नाव बदलायला लावलं होतं. ते आठ दिवस रुसले आणि नवव्या दिवशी नव्या नावाचा चिवडा घेऊन आले.

या सगळ्यात खरी कसोटी लागली ती काकींच्या मसाल्याची. काकींची खानावळ माझ्या छापखान्याच्या मागच्या गल्लीत होती. मालवणकडची बाई, नवरा लवकर गेलेला, पंचवीस-तीस गिरणी कामगार दोन्ही वेळ जेवायला. पाळी सुटल्याचा भोंगा वाजला की पानं मांडायची, म्हणून सगळे तिला भोंग्याची खानावळच म्हणत. संपात जेवणारी माणसं गावी गेली, गिरणीचा भोंगा बंद झाला आणि काकींच्या हातात उरला तो फक्त त्यांचा मसाला. आजूबाजूच्या बायका तो मागायला लागल्या, ‘भोंग्याचा मसाला द्या’ म्हणून. मामांच्या सल्ल्याने काकींनी पाकिटं करायची ठरवली आणि एक दिवस हातात एक चित्र घेऊन माझ्याकडे आल्या. गिरणीचं छप्पर, त्यावर भोंगा, भोंग्याकडे जाणारी लोखंडी शिडी. मी त्याचा ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, करून घेतला आणि लाल-पिवळ्या रंगात लेबल छापलं: भोंगा छाप मसाला. नमुना वहीत चिकटवला, तारीख घातली, काकींचा अंगठा घेतला. चित्र कुणाचं, हा रकाना कोराच राहिला. मी विचारलं नाही आणि काकींनी सांगितलं नाही.

मसाला चालला. दादरचे एक शेठ तो आपल्या दुकानात ठेवू लागले, पोस्टकार्ड टाकून पाकिटं मागवू लागले. तीनेक वर्षं असंच चाललं. मग एका दुपारी शेठ स्वतः छापखान्यात आले. म्हणाले, काकींचंच काम आहे, नवीन पाकीट काढायचंय, तोच ब्लॉक वापरा, फक्त वर ‘नवा’ एवढा शब्द घाला. मला काकींना विचारायला हवं होतं. गल्ली ओलांडली की त्यांचं दार. पण सणाचे दिवस होते, मशीन मोकळं होतं, आणि माणूस नेहमीच्या व्यवहारातला. मी छापून दिलं. नमुना चिकटवला, तारीख घातली, शेठनी सही केली. दोन महिन्यांनी ‘नवा भोंगा मसाला’ दादरपासून माटुंग्यापर्यंत दुकानांत लागला. त्यातला मसाला काकींचा नव्हता. आणि त्यावर कडी म्हणजे, शेठनी त्या नावासाठी आणि चित्रासाठी सरकारदरबारी अर्ज करून काकींनाच वकिलाची नोटीस पाठवली, की आमचं नाव वापरणं ताबडतोब बंद करा.

काकी नोटीस घेऊन माझ्या छापखान्यात आल्या, कारण मामा त्या वेळी तिथे बसलेले होते. त्या रडल्या नाहीत. स्टुलावर बसून म्हणाल्या, “माज्या मसाल्याचा नाव माकाच लावूक नाय म्हणतत. ह्या वयात आता दुसरा नाव खयसून आणू?” दुकानदारांनी घाबरून पाकिटं परत करायला सुरुवात केली होती. हे नाव गेलं तर खानावळ तर आधीच गेलेली, मागे काही उरणार नव्हतं. मामांनी त्यांना आधी जेवून यायला सांगितलं आणि माझ्याकडे नमुन्यांची वही मागितली.

वही देण्यापूर्वी मी जे केलं, किंवा करणार होतो, ते लिहायला हवं. वही आतल्या खणात होती. मी ते पान उघडलं, शेठच्या सहीचं, आणि ते फाडायला हात लावला. ते पान पाहिलं की काकींना कळणार होतं, की आपल्या नावावर दरोडा पडला तेव्हा मशीन माझंच चालत होतं. मामा मागे कधी येऊन उभे राहिले ते मला कळलं नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, “जावईबापू, पान फाटलेली वही कुणी वही मानत नाही. तुमचं पान वाचवायला गेलात तर तिचंही जाईल.” मग त्यांनी वही घेतली नाही. ती घेऊन काकींकडे मी स्वतःच जावं, असं सुचवून ते निघून गेले. मी गेलो. दोन्ही पानं उघडून समोर ठेवली आणि सांगितलं. काकींनी त्या दुसऱ्या लेबलावरून बोट फिरवलं. “तूच छापलंस रे?” एवढंच विचारलं. मग भाताचं ताट माझ्यापुढे सरकवलं. शेवटचं शीत खाल्ल्याशिवाय उठायची हिंमत मला झाली नाही.

पंधरा दिवसांनी शेठच्या वकिलांच्या गिरगावातल्या ऑफिसात आम्ही चौघे बसलो होतो: मामा, काकी, मी आणि समोर शेठ. वकील वयस्कर, शांत गृहस्थ होते. मामांनी एकही वाकडा शब्द न काढता कागद मांडले. माझी वही, काकींच्या पहिल्या लेबलाची तारीख, मग शेठनीच टाकलेली पोस्टकार्डं, ‘भोंगा मसाल्याची पाच डझन पाकिटं पाठवा’, आणि मग तीन वर्षांनी ‘नवा’ शब्द घालून आणलेलं शेठचं काम. वकिलांनी चष्मा पुसून सगळं वाचलं आणि अशिलाकडे पाहिलं. शेठ गडबडले. नाव राहू दे, म्हणाले, पण चित्र माझं आहे, माझ्या माणसाने काढलंय, बाईंना मीच दिलं होतं. वकिलांनी पहिल्या नमुन्यापुढचा कोरा रकाना बोटाने दाखवला आणि विचारलं, चित्र कुणी काढलं याचा काही कागद आहे का?

मामांनी आयुष्यात पहिल्यांदाच कागद शोधायला हात पुढे केला नाही. मग ते म्हणाले, “कागद नाही. मी काढलं. खातं बंद केल्याचं कळलं त्या दिवशी, यांच्या खानावळीत बसून. तारीख घातली नाही.” शेजारच्या मुलीच्या रांगोळीला दोन साक्षीदार लावणाऱ्या माणसाने स्वतःच्या चित्राखाली तारीख घातली नव्हती. शेठना जरा धीर आला. असं कुणीही म्हणेल, म्हणाले. मामांनी त्यांना आदराने विचारलं, की शिडीला सातवी पायरी का नाही, ते तुमच्या माणसाने सांगितलं असेल ना? शेठनी पाकीट डोळ्यांजवळ नेलं. आम्हीही नेलं. शिडीला खालून सहा पायऱ्या होत्या, मग एक मोकळी जागा, मग पुढच्या. इतकी वर्षं ते लेबल हजारोंनी छापूनसुद्धा मी ते पाहिलेलं नव्हतं. मामा सांगू लागले. गिरणीतला एक फिटर भोंगा दुरुस्त करायला चढला होता, ती पायरी गंजलेली होती, तो पडला आणि लंगडा झाला. पायरी बसवून द्या म्हणून सगळ्यांनी अर्ज केले. गिरणी संपली, पायरी बसली नाही. “मी ती काढली नाही,” मामा म्हणाले, “कारण ती नव्हतीच.”

वकिलांनी पाकीट टेबलावर ठेवलं आणि अशिलाला आतल्या खोलीत बोलावलं. दहा मिनिटांनी शेठ बाहेर आले ते अर्ज मागे घ्यायला तयार होऊन. मामांनी त्यांना वाट ठेवली: छापून झालेली पाकिटं नाव आणि चित्र झाकून, स्वतःच्या नावाची चिठ्ठी लावून संपवा, आणि हवं असेल तर पूर्वीसारखा काकींचा मसालाही ठेवा. शेठनी मान खाली घालून हो म्हटलं. निघताना वकिलांनी मामांना बाजूला घेऊन सांगितलं, की चित्र तुमचं आहे तर ते या बाईंच्या नावे लिहून द्या, नाहीतर उद्या तिसराच कुणी येईल. मामा ओशाळून हसले. हा सल्ला त्यांनी आजवर दुसऱ्यांना किती वेळा दिला असेल.

त्या आठवड्यात काकींच्या खोलीत कागद तयार झाला. साक्षीदार अर्थातच मामी आणि मी. मामींना त्यासाठी मुद्दाम नायगावहून आणलं होतं. मामांनी सुवाच्य अक्षरात सगळं लिहिलं: चित्र कुणाचं, कुणाला दिलं, कायमचं दिलं. आणि ‘मोबदला’ या शब्दापाशी त्यांचं पेन थांबलं. काहीच न घेता दिलेल्या गोष्टीवर उद्या शंका घेता येते, म्हणून हा रकाना भरावाच लागतो, हे त्यांनीच कितीतरी जणांना शिकवलं होतं. मी सुचवलं, ‘स्नेहापोटी’ लिहा. ते म्हणाले, स्नेह उद्या नाकारता येतो. काकींच्या एकदम लक्षात आलं असावं, त्या घाईने म्हणाल्या, “रवांदे भावोजी, रिकामाच ठेवा.” पण मामा रिकामा रकाना ठेवणारे नव्हते. त्यांनी खाली मान घालून लिहिलं आणि कागद मामींकडे सरकवला.

मामींनी चष्मा लावून वाचलं. मग मी वाचलं. तिथे लिहिलं होतं: ‘मोबदला: संपाच्या काळात सात महिने दुपारचं जेवण. मिळालं.’

संपाच्या दिवसांत मामा रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडत. फोर्टात एका ऑफिसात तात्पुरतं काम मिळालंय, दुपारचं जेवण तिथेच मिळतं, असं त्यांनी घरी सांगितलं होतं. मामी त्यांचा वाटा बाजूला न काढता आपल्या दोन्ही मुलींना वाढत. ऑफिसही नव्हतं आणि काम तर नव्हतंच. मामा दिवसभर काम शोधत हिंडत आणि दुपारी काकींकडे जेवत, ज्यांच्याकडे तेव्हा पैसे देऊन जेवणारं माणूस उरलं नव्हतं. काकींनी हे सात महिन्यांत कुणाला सांगितलं नाही आणि पुढच्या सगळ्या वर्षांतही नाही. मामींनी तो कागद पुन्हा एकदा वाचला, मामांकडे पाहिलं नाही, आणि आपल्या नेहमीच्या जागी, नेहमीच्या वळणाची सही केली. त्याखाली मी माझी केली.

मामा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. गिरणीच्या जागी काचेची इमारत आहे, आणि भोंगा म्हणजे काय ते पाकीट विकणाऱ्या पोरांनाही माहीत नाही. मला मामांची फार आठवण येते, मुख्यतः कुणी टेबलावर दुसऱ्याचं लेबल ठेवून ‘अगदी अस्संच’ म्हणतं तेव्हा. मी आता नाही म्हणतो. पण सगळ्यात जास्त आठवते ती त्या कागदावर सह्या झाल्या त्या दिवशीची परतीची वाट. मामा-मामींना नायगावला पोचवायला मी बरोबर निघालो होतो आणि आम्ही तिघेही भोईवाड्यापर्यंत चालत आलो. मग मामींनी समोर बघतच विचारलं, “काय असायचं जेवायला?”

“भात, आमटी,” मामा म्हणाले. “बुधवारी बांगडा.”

“पोटभर?”

“पोटभर.”

मामी थोडं पुढे गेल्या आणि थांबल्या. “मग इतक्या वर्षांत तिला एकदा तरी आपल्याकडे जेवायला बोलवायचं होतंत,” म्हणाल्या.

पुढच्या रविवारी काकी नायगावला जेवायला गेल्या. मी आणि माझी बायकोही होतो. मामा एका कोपऱ्यात पानावर मान घालून बसले होते, काकी पुरे, पुरे म्हणत होत्या, आणि मामी वाढत होत्या.